वाद्याचा भोपळा : लागवड, वाळवण व बियाणें

दुध्या भोपळा भाजीसाठीं कोंवळा तोडावा, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेंच फळ वेलावर पूर्ण जून होऊं दिलें असतां त्याची साल लांकडासारखी कठीण होते, आंतील गर आटतो व पोकळी राहते. ह्या पोकळीवर आपल्या देशांतील तंबोरा, सतार व रुद्रवीणा उभ्या आहेत, आणि डोंगरांतील तारपा व पावरीही. तांबडा भोपळा ह्या कामीं चालत नाहीं. तो त्याच कुळांतला असला तरी त्याची जात निराळी, व साल टिकाऊ नव्हे.

नंदुरबार जिल्ह्यास (हा १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला) हें फळ परकें नाहीं. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथील होळींत व्रतस्थ पुरुष अंगावर नक्षी काढून, डोकीस मोरपिसांचा टोप व कमरेस वाळलेले भोपळे आणि घुंगरूं बांधून रात्रभर नाचतात. डांगच्या बाजूस राहणाऱ्या कोकणा लोकांत पावरी हें फुंकून वाजविण्याचें वाद्य आहे. मार्गशीर्षांत डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो, तो पावरीवांचून होत नाहीं. दक्षिणेस जव्हार-डहाणूकडे वारली लोकांचा तारपा ह्याच घराण्यांतला.

ह्या वाद्यांत भोपळा म्हणजे हवेचें कोठार होय. वरच्या भोंकांतून फुंकलेली हवा त्यांत सांठते, मेणानें बसविलेल्या बांबूच्या नळ्यांतील जिभांवरून बाहेर पडते, आणि त्या जिभा कांपूं लागल्या म्हणजे स्वर निघतो. नळ्यांच्या शेवटास कर्णा असतो, त्यामुळें आवाज लांबवर जातो. वाजविणारा गालांतील हवा सोडीत असतांच नाकानें श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाहीं. अर्थात् भोपळ्यास केसाएवढी चीर असली तरी हवा गळून सर्व श्रम व्यर्थ जातात. तंबोऱ्याची रीत निराळी. तेथें तारेचें कंपन घोडीवरून तबलीस पोंचतें व भोपळ्याच्या पोकळींत घुमतें. दोहोंस साल मात्र निर्दोषच पाहिजे.

निर्दोष साल शेतांत तयार होते, कारागिराच्या हातीं नव्हे. पाऊस लागतांच कुंपणाशीं किंवा मांडवाखालीं आळें करून, कुजलेलें शेणखत घालून, दोन-तीन बिया टोंचाव्या व जोमदार वेल एकच ठेवावा. एका वेलावर फळें थोडीं राखावीं. फार राखल्यास सालीस जाडी येत नाहीं. लांब मानेचें फळ हवें असल्यास तें मांडवावरून लोंबूं द्यावें. तंबोऱ्याचें मोठें फळ मांडवास पेलत नाहीं. तें जमिनीवर वाढवावें, पण खालीं वाळलेलें गवत घालावें. ओल्या मातीस टेकलेली बाजू कुजते किंवा पातळ राहते. फळमाशीनें कोंवळेपणीं टोंचलेलें फळ वांकडें होतें, सबब लहान फळांस कागदाची अगर कापडाची पिशवी बांधणें हा स्वस्तांतला उपाय आहे.

तोडण्याची घाई हा ह्या कामांतला मुख्य शत्रु. वेल सुकून देंठ तपकिरी झाला, व नख सालींत शिरेनासें झालें, म्हणजे दोन बोटें देंठ राखून फळ कापावें. नंतर हवेशीर सावलींत एकमेकांस न लागतील असे ठेवून अधूनमधून फिरवावे. कित्येक आठवडे, मोठ्या फळास कित्येक महिने, लागतात. सालीवर बुरशी आल्यास पुसून टाकावी. तेवढ्यावरून फळ फेकूं नये. हलविल्यावर बिया खळखळूं लागल्या म्हणजे तें तयार झालें. उन्हांत घाईनें वाळविल्यास साल तडकते.

आतां खरी काळजीची गोष्ट. वाद्याचे भोपळे पुष्कळदां कडू असतात. त्यांचीं फुलें व भाजीच्या दुध्याचीं फुलें एकाच जातीचीं. कीटक एकीचे पराग दुसरीस नेतात. त्या वर्षींच्या भाजीची चव बिघडत नाहीं, परंतु तिच्या बियांत संकर उतरतो व पुढील सालीं परसांतील वेलास कडू फळ येऊं शकतें. हा कडवटपणा कुकर्बिटासिन नांवाच्या द्रव्यानें येतो व तो विषारी आहे. कडू दुध्याचा रस पिऊन माणसें दगावल्याच्या घटना आपल्या देशांत घडल्या आहेत. शिजवल्यानें दोष जातो असें मानूं नये. तुकडा कडू लागतांच सर्व फळ टाकावें. ज्यास दोन्ही वेल लावावयाचे आहेत त्यानें बियाण्याच्या फळाची मादी-फुलें संध्याकाळीं उमलण्यापूर्वींच पिशवींत बांधावीं, त्याच वेलाच्या नर-फुलाचे पराग हातानें लावावे, व फळ धरेपर्यंत पिशवी काढूं नये.

मिरजेस एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यें होतात, व तेथील भोपळे बहुतांशीं पंढरपूरच्या बाजूनें येतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. हें ऐकून नंदुरबारच्या शेतकऱ्यानें एकरभर भोपळा लावावा असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तंबोऱ्यास लागणारा घेर सर्व बियाण्यांत येत नाहीं, आणि गिऱ्हाईक आधीं ठरलेलें नसेल तर तें फळ गुरांनाही घालतां येत नाहीं. आपल्या डोंगरांतील लहान, लांब मानेचें बियाणें राखणें हें अधिक निकडीचें आहे. पावरी करणारा म्हातारा झाला कीं त्याच्या कुंपणावरचा वेलही जातो, आणि बी चार-पांच वर्षांपलीकडे भरवशाचें राहत नाहीं. म्हणून वाद्यासाठीं भोपळा कोरतांना निघालेल्या बिया उकिरड्यावर न टाकतां धुवून वाळवाव्या, राखेंत घोळून मडक्यांत ठेवाव्या, मडक्यावर 'कडू' अशी खूण करावी, आणि मूठभर शेजारच्या पाड्यावरील वाजविणाऱ्यास द्याव्या.