शर्यतीचा बैल औताला जुंपत नाहीत

(बेळगावच्या उद्यमबागेतलं एक मशीनशॉप. क्रँकशाफ्टचं काम करणारे मामा आणि निपाणीहून आलेला डिप्लोमाचा भाचा.)

भाचा: मामा, पगानी वायरा आर आणि लॅम्बोर्गिनी एसेंझा एससीव्ही12. दोन्ही इटलीच्या, दोन्हींत व्ही12 इंजिन, आणि दोन्ही फक्त ट्रॅकवर चालवायच्या. पगानी तर 2021 मध्ये कर सोडून 26 लाख युरोला होती. एवढे पैसे घालून रस्त्यावर न्यायची नाही, मग घ्यायची कशाला?

मामा: तुमच्या निपाणीकडं शर्यतीचा बैल औताला जुंपतात काय? त्याचा खुराक वेगळा, राखण वेगळी. नंबरप्लेट नको म्हटलं की धुराचे, दिव्यांचे, बंपरचे नियम सुटतात. मग इंजिनिअरला फक्त वेग बघायचा.

भाचा: मग दोघींत डावं-उजवं कसं करायचं?

मामा: हा शाफ्ट घे. जर्नलवरून नख फिरव.

भाचा: गुळगुळीत आहे.

मामा: आता हा.

भाचा: किंचित लागतंय.

मामा: तेवढ्यावर माल परत येतो बघ. म्हणून मी आधी इंजिन बघतो. एसेंझाचं साडेसहा लिटरचं इंजिन लॅम्बोर्गिनीच्या रोडकारच्याच घराण्यातलं, 830 हॉर्सपॉवरवर नेलेलं. पगानीनं जर्मनीच्या एचडब्ल्यूए कंपनीकडून सहा लिटरचं इंजिन वायरा आरसाठी मुळापासून नवं करून घेतलं. वजन 198 किलो, ताकद 850, मिनिटाला 9000 फेरे. एवढ्या फेऱ्यांवर क्रँकचं बॅलन्सिंग जराही चुकलं तर बेअरिंग टिकत नाहीत. या कामाला किती हात लागले असतील, ते मला कळतं.

भाचा: म्हणजे पगानीच सरस.

मामा: थांब की. 250 च्या वेगाला हवा एसेंझाला 1200 किलोनं खाली दाबते. पगानीचा आकडा 1000 किलो, पण तो 320 ला. हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. 250 ला पगानीचा किती भरेल?

भाचा: (मोबाईलवर हिशोब करत) साधारण 600. निम्माच!

मामा: पगानी हलकी, कोरडं वजन 1050 किलो. तरी वेगातल्या वळणावर एसेंझाच जास्त चिकटून राहणार. तिचं मागचं सस्पेन्शन थेट गिअरबॉक्सच्या खोक्यावर बसवलंय. शिवाय ल मांची शर्यत पाच वेळा जिंकलेला एमानुएले पिरो मालकांना शिकवायला नेमला होता.

भाचा: आणि गाडी ठेवायची कुठं?

मामा: एसेंझासाठी लॅम्बोर्गिनीच्या गावी, सांतआगाताला, कंपनीनं खास जागा बांधली. प्रत्येक गाडीला आपला गाळा, मालक मोबाईलवर कॅमेऱ्यातून कधीही बघतो.

भाचा: तुम्ही कुठली घ्याल?

मामा: ट्रॅकवर घाम गाळायचा असेल त्यानं एसेंझा घ्यावी. संग्रहात एकच ठेवायची असेल तर पगानी. एसेंझा 40 निघाल्या, वायरा आर 30च. आणि तिचं इंजिन रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीत नाही.