संगणकावरील आकृती व आलेख : साधनांची निवड

संख्या बालकास डोळ्यांनी दिसत नाही; ती आकृतीत उतरली म्हणजे दिसू लागते. याच कारणाने फळा, खडू व मोजपट्टी यांस प्राथमिक शाळेत मानाचे स्थान लाभले. आता ब्राउझरमध्येच आज्ञावली लिहून आकृती काढण्याची सोय झाली असून त्यासाठी संगणकावर निराळे काही बसवावे लागत नाही. तथापि साधने अनेक आहेत. निवड चुकल्यास पडदा रिकामा राहतो आणि पडद्याचा तो दोष बालक आपल्या बुद्धीचा समजते. म्हणून निवडीचा विचार पाठापूर्वीच व्हावा.

1. आकृती उमटण्याचे दोन मार्ग

'कॅनव्हास' हा फळ्यासारखा असतो. रेघ ओढली की ती ठिपक्यांत मिसळून जाते. बदल हवा असल्यास पुसून पुन्हा काढावी लागते. 'एसव्हीजी' ही पद्धत कापलेले कागदी आकार फलकावर टाचण्यासारखी आहे. त्यातील प्रत्येक आकार वेगळा राहतो, त्याचा रंग मागाहून बदलता येतो आणि तो कितीही मोठा केला तरी कडा खडबडीत होत नाहीत. हजारो हलते ठिपके दाखवावयाचे असल्यास कॅनव्हास बरा. मोजके आकार भिंतीवर मोठे करून दाखवावयाचे असल्यास एसव्हीजी बरे.

हे दोन्ही मार्ग ब्राउझरच्या अंगचे आहेत, ही मोठी सोय होय. पूर्वी पुष्कळ पाठ 'फ्लॅश' या बाहेरून जोडावयाच्या साधनावर रचलेले होते. त्याचा आधार 31 डिसेंबर 2020 रोजी संपला आणि ते पाठ निरुपयोगी झाले.

2. भूमितीसाठी कासव

1967 साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी बालकांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा सिद्ध केली. पुढे तीत आज्ञेप्रमाणे चालणारे 'कासव' आले. 'शंभर पावले पुढे, नव्वद अंश डावीकडे' ही आज्ञा चार वेळा दिली की चौरस होतो. पंचकोनासाठी किती अंश वळावे? पूर्ण फेरी 360 अंशांची, म्हणून 360 भागिले 5, म्हणजे 72. हा शोध बालकाने प्रथम अंगणात स्वतः चालून लावावा, मग पडद्यावर.

येथे एक अडचण ध्यानी घ्यावी. पायथॉन भाषेत कासवाची सोय असली, तरी ब्राउझरमधील प्रत्येक पायथॉनमध्ये ती नसते. 'स्कल्प्ट'मध्ये कासव आहे. 'पायोडाइड'मध्ये ते वगळलेले आहे, कारण मूळ कासवाला संगणकाची स्वतंत्र खिडकी लागते.

3. आलेखासाठी साधन

पायोडाइडमध्ये 'मॅटप्लॉटलिब' हा आलेखसंच चालतो. त्याची सुरुवात जॉन हंटर यांनी केली व तो 2003 साली प्रसिद्ध झाला. अचूक स्तंभालेख व रेषालेख काढण्यास तो उत्तम. परंतु प्रथम उघडताना पुष्कळ मजकूर इंटरनेटवरून उतरवावा लागतो. शिवाय त्याच्या नेहमीच्या टंकात देवनागरी अक्षरे नाहीत. 'सोमवार' लिहिले तर रिकामे चौकोन उमटतात.

मराठी नावे आवश्यक असतील तेथे 'पी5.जेएस' विचारात घ्यावे. लॉरेन मॅकार्थी यांनी 2013 साली सुरू केलेला हा संच जावास्क्रिप्ट भाषेत चालतो. त्यातील अक्षरे ब्राउझरच उमटवीत असल्याने देवनागरी सहसा नीट दिसते. मात्र अक्ष व प्रमाण स्वतः आखावे लागतात. हे श्रम वाया जात नाहीत. प्रमाण घेणे म्हणजे काय, ते त्यातूनच कळते.

4. आलेखाचा प्रामाणिकपणा

समजा, वर्गाची पाच दिवसांची उपस्थिती 28, 30, 29, 27 व 30 अशी आहे. मॅटप्लॉटलिबचा रेषालेख उभा अक्ष शून्यापासून न धरता सुमारे 27 पासून धरतो. मग गुरुवारी वर्ग ओस पडला होता असे भासते. वस्तुतः बुधवारपेक्षा दोनच मुले कमी होती. त्याच संख्यांचा स्तंभालेख शून्यापासून सुरू होतो आणि खरी स्थिती दाखवितो. दोन्ही आलेख शेजारी ठेवून 'खरे कोणते?' असा प्रश्न वर्गापुढे मांडावा. आलेख वाचता येणे याचा अर्थ अक्षावरील पहिला आकडा आधी पाहणे, हा संस्कार याच वयात व्हावा.

5. शिक्षकांनी करावयाची पूर्वतयारी

प्रथम उद्देश ठरवावा : आकृती हवी की आलेख? नंतर साधन निवडावे. आदल्या दिवशी शाळेच्याच संगणकावर व शाळेच्याच जोडणीवर संपूर्ण पाठ चालवून पाहावा. वीज वा जोडणी खंडित झाल्यास चौकटीचा कागद हाताशी असावा. ज्या मुलाने कागदावर पाच स्तंभ प्रमाणात काढले आहेत, त्याला संगणकाची चूक ओळखता येते. ज्याने ते काढले नाहीत, त्याला संगणक सांगेल ते खरे मानावे लागते.