आधी समोरच्याचं म्हणणं सांग

धामणगावात मी बरीच वर्षं मराठी शिकवलं आणि वादविवाद स्पर्धांसाठी मुलं तयार केली. त्यातून हाती लागलं ते असं.

१. भाषण लिहून देऊ नका. सुरुवातीला मी देत असे. अमरावतीच्या एका स्पर्धेत आठवीतली मुलगी चौथ्याच वाक्याला अडली ती अडलीच. पुढचं वाक्य तिचं नव्हतं, माझं होतं. माइकच्या दांडीवर आवळलेली तिची बोटं अजून डोळ्यांपुढे आहेत.

२. आधी वऱ्हाडीत भांडू द्या. 'मले हे पटतच नाही' म्हणून पोरगं तावातावानं बोलायला लागलं की मुद्दा आपसूक बाहेर पडतो. प्रमाण मराठी नंतर येते. बोलीला हसलात, तर ते पोर पुन्हा तोंड उघडत नाही.

३. बाजू चिठ्ठी उचलून ठरवा. 'वेगळा विदर्भ' या विषयावर मी सर्वांत जास्त सराव घेतला, कारण त्यावर घरोघरी मतं आहेत. विदर्भाला संयुक्त महाराष्ट्रात आणण्यासाठी झालेला १९५३ चा नागपूर करार दोन्ही बाजूंच्या कामी येतो. बाजूने बोलणारा विचारायचा, दिलेल्या शब्दांचं काय झालं? विरोधातला म्हणायचा, नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, ते त्याच करारामुळे ना? राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. हे मी मुद्दाम विरोधातल्याच्या तोंडून आधी वदवून घ्यायचो. जुन्या शास्त्रचर्चेत याला पूर्वपक्ष म्हणत. समोरच्याचं म्हणणं तुम्ही त्याच्याइतक्याच ताकदीनं मांडलंत, की मग सभा तुमचं उत्तर कान देऊन ऐकते. लपवलंत, तर तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो.

४. प्रश्न विचारायला शिकवा. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. स्वतः दिलेलं उत्तर माणूस खोडणार कसं?

५. थांबणंही शिकवावं लागतं. मुंबई-हावडा मार्गावरचं आमचं गाव; सरावात मालगाडी धडधडत गेली की पोरं ओरडून बोलायची. मी सांगायचो, गाडी जाऊ दे, वाक्य धरून ठेव.

तीच मुलगी दहावीत पुन्हा स्पर्धेत उतरली. ऐन भाषणात वीज गेली, माइक बंद पडला. सभागृहात गलका झाला. ती गप्प उभी राहिली, हात मोकळे. गलका ओसरल्यावर माइक सोडून एक पाऊल पुढे आली आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच उचललं.