‘रेव्हल इन’ : आनंद कशांत?

इंग्रजी निबंधाची एक वही नुकतीच आमच्या पाहण्यांत आली. आपली आई आजारी शेजाऱ्यांची शुश्रूषा मोठ्या आनंदानें करते, असें त्या विद्यार्थ्यास सांगावयाचें होतें. त्यानें कोशांतून ‘रेव्हल इन’ हें भारदस्त क्रियापद उचललें आणि लिहिलें : ‘माय मदर रेव्हल्स इन द इलनेस ऑफ अवर नेबर्स.’ म्हणजे शेजारीं कोणी आजारी पडलें कीं आईच्या आनंदास पारावार राहत नाहीं! मुलाच्या मनांत मातृभक्ति, पण कागदावर उमटली ती निंदा. म्हणून या क्रियापदाचा आपण थोडा विचार करूं.

‘रेव्हल’ व ‘रेबल’ हे एकाच कुळांतले शब्द होत. लॅटिन भाषेंत ‘बेलम्’ म्हणजे युद्ध आणि ‘रेबेलारे’ म्हणजे बंड करणें. हेंच क्रियापद जुन्या फ्रेंच भाषेंत ‘रेव्हेलेर’ झालें; बंडाचा दंगा झाला व दंग्याची मौज झाली. पुढें तें इंग्रजींत आलें. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारीं करमणुकीच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यास ‘मास्टर ऑफ द रेव्हल्स’ म्हणत. १५७९ सालीं एडमंड टिल्नी हे त्या जागीं आले. या पूर्वेतिहासामुळें ‘रेव्हल’ या शब्दांत भान विसरण्याची छटा आहे. रुग्णसेवेंतील शांत समाधानास तो शोभत नाहीं.

आतां व्याकरण. आपण खेळांत रमतों, गाण्यांत रंगतों. आपल्या ‘-त’ या प्रत्ययाचें काम येथें ‘इन’ करतें. त्याच्यापुढें नाम किंवा ‘-इंग’ रूप येतें. ‘रामा रेव्हल्स इन स्विमिंग’ हें शुद्ध. ‘रामा रेव्हल्स टु स्विम’ हें अशुद्ध. ‘एन्जॉय’ या क्रियापदास मात्र ‘इन’ लागत नाहीं : ‘रामा एन्जॉइज स्विमिंग.’

‘इन’च्या पुढें जें येतें, तेंच आनंदाचें कारण ठरतें. त्या माउलीचा आनंद सेवेंत होता, आजारांत नव्हे. तेव्हां ‘माय मदर टेक्स प्लेझर इन नर्सिंग अवर सिक नेबर्स’ असें साधें वाक्य लिहिलें असतें, तर तिला न्याय मिळाला असता.

उलट, ‘रामा रेव्हल्स इन हिज फ्रेंड्स फेल्युअर’ हें वाक्य पाहा. त्यांत व्याकरणाची चूक नाहीं. चूक आहे ती रामाची. ती सुधारण्यास कोश उपयोगी पडणार नाहीं. विद्यार्थ्यांनीं आपल्या वाक्यांतील ‘इन’पुढची जागा जपावी, आणि मनांतीलहि.