डेंग्यूत पपईच्या पानांचा रस द्यावा का?

प्रश्न : मुलाला डेंग्यू झालाय. सोसायटीत जो तो सांगतो, पपईच्या पानांचा रस द्या, गुळवेल द्या. देऊ का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेट जरा लवकर चढतात, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. विषाणू मात्र त्याने मरतो असं सिद्ध झालेलं नाही. ताप उतरल्यावर प्लेटलेट बहुधा आपोआपच वाढतात आणि श्रेय रसाला मिळतं! त्या कडू रसाने मूल ओकलं तर अंगातलं पाणी जातं. डेंग्यूत तेच परवडत नाही. गुळवेल तर नकोच. २०२० मध्ये ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष खोडून काढला खरा, पण आजारी मुलावर हा वाद कशाला?

वनस्पतींवर संशोधन होतच नाही असं नाही. कुंपणावर चढणाऱ्या वासनवेलीच्या शुद्ध अर्कावर सन फार्मा या औषध कंपनीने डेंग्यूसाठी काम केलंय, २०२० मध्ये कोविडसाठी चाचणीही केली. तो प्रमाणित अर्क. मिक्सरमधला रस नव्हे.

तूर्त वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, ओआरएस, पेज. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळा. ताप उतरताना पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा हातपाय गार पडले, तर रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठा.