श्वानकृमी : निदानपरिवर्जनाचा विचार

कोल्हापुरात श्वान पाळण्याची हौस वाढली आहे आणि ‘पिल्लाला जंत झालेत, काहीतरी आयुर्वेदिक द्या’ ही मागणी आपल्या औषधी दुकानांत वारंवार ऐकू येते. आपण सहजगत्या वावडिंग किंवा कृमीवरील एखादी तयार गोळी पुढे करतो. येथे क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते.

कृमिमुद्गर रसात विषमुष्टी, म्हणजे काजरा असतो. त्यातील स्ट्रिक्नीन हे विष एकेकाळी कुत्री मारण्यासाठीच वापरले जाई. रसाची मात्रा मनुष्यदेहाच्या हिशेबाने सांगितली आहे; दोन किलोच्या पिल्लाला ती कशी लावावी? कृमिकुठारात कापूर असतो व तो मांजरांना बाधतो. वावडिंग गर्भिणीस आपण देत नाही, ते गाभण कुत्रीलाही देऊ नये. शिवाय पशुचिकित्सेचा अधिकार 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकांकडे आहे. तेव्हा अपकर्षण त्यांच्याकडे सोपवावे.

मग आपल्याकडे काय उरते? चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात अपकर्षण व प्रकृतिविघात यांनंतर निदानपरिवर्जन सांगितले आहे. ते वचन मनुष्याच्या कृमींविषयी असले, तरी घरातील श्वानालाही तंतोतंत लागू पडते.

टॉक्सोकारा या गोलकृमीच्या अळ्या मातेच्या शरीरात सुप्त राहतात आणि गर्भावस्थेतच पिल्लांत शिरतात. पुढे दुधातूनही जातात. म्हणून धष्टपुष्ट दिसणाऱ्या पिल्लालाही दुसऱ्या आठवड्यापासून जंतनाशक सुरू करावे लागते. विष्ठेतून पडलेली ताजी अंडी मात्र लगेच बाधत नाहीत. त्यांना मातीत साधारण दोन-तीन आठवडे लागतात, आणि नंतर ती वर्षानुवर्षे टिकतात. अंगणातील विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर ही साखळी तेथेच तुटते. मातीत खेळणाऱ्या बालकाच्या पोटात ही अंडी गेल्यास अळ्या यकृतात, प्रसंगी नेत्रातही पोहोचतात.

एकायनोकॉकस या फीतकृमीची गोष्ट निराळी. त्याची अंडी बाहेर पडताक्षणीच संसर्गक्षम असतात. मेंढीच्या यकृत-फुप्फुसांतील गाठी कच्च्या खाल्ल्याने श्वानास हा कृमी होतो, आणि श्वानापासून मनुष्यास हायडॅटिड ग्रंथी होते. आपला जिल्हा मटणाचा शौकीन, धनगरबांधवांच्या कळपांसोबत राखणीची कुत्रीही असतात. त्यामुळे मटणाच्या दुकानातील टाकाऊ अवयव कुत्र्यापुढे टाकण्याची सवय मोडायलाच हवी. केवळ गोलकृमीवरील औषधाने हा कृमी जात नाही, त्यास प्राझिक्वांटेल लागते. दुकानदारबंधूंनी एवढे ध्यानी ठेवून ग्राहकास पशुवैद्यकांकडे पाठवावे.

आणि एक सूचना खास वैद्यांसाठी. उजव्या कुशीत जडपणा वा गाठ सांगणाऱ्या रुग्णास घरी किंवा कळपात कुत्रा आहे का, हे अवश्य विचारावे. सोनोग्राफी होईपर्यंत उदरमर्दन करू नये. हायडॅटिड ग्रंथी फुटल्यास तीव्र अ‍ॅलर्जी होऊन काही मिनिटांत रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते.