गंज आणि त्याचा उतारा

हुगळीच्या काठी वसलेल्या कोलकाता शहरात लोखंडाला विसावा नसतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणपणे ६० ते ७० टक्क्यांच्या पलीकडे गेली की उघड्या लोखंडावर गंज चढण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि या शहरात पावसाळाभर हवा त्याहून दमट असते. फेब्रुवारी १९४३ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या हावडा पुलात सुमारे २६,५०० टन पोलाद आहे. पुलाचा रस्ता ज्या पोलादी दांड्यांना टांगलेला आहे, त्यांचे तळ पानाच्या पिचकाऱ्यांनी झिजू लागल्याचे आढळले, तेव्हा त्यांच्याभोवती फायबरग्लासची आवरणे बसवावी लागली. पूल भिजत घालता येत नाही. तो खरवडून रंगवावाच लागतो. परंतु यंत्रापासून सुटा करता येणारा भाग भिजवून स्वच्छ करता येतो.

मल्लिक बाजारातील दुकानांत जुन्या मोटारींचे सुटे भाग मांडलेले असतात. शहरापासून जवळच असलेल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसॅडर मोटारींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ज्या भागाला नवा जोड मिळत नाही, तो निष्काळजीपणे गमावणे म्हणजे कित्येकदा ते यंत्रच गमावणे होय. म्हणून गंज कसा काढावा, यापेक्षा धातू न दुखावता तो कसा काढावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

गंज म्हणजे काय?

लोखंडावर पाण्याचा थेंब पडला की त्याच्याखाली जणू एक लहानशी विद्युतघटमाला तयार होते. एका जागी लोखंडाचे कण आयनांच्या रूपाने विरघळतात, तर दुसऱ्या जागी पाण्यात मिसळलेला ऑक्सिजन मोकळे झालेले इलेक्ट्रॉन स्वीकारतो. या दोन क्रियांतून अखेरीस लोहाचे जलयुक्त ऑक्साइड निर्माण होते. तोच तांबूस गंज. तो मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमध्ये गंज भरला की बोल्ट जागच्या जागी आवळला जातो. शिवाय गंज सच्छिद्र असल्याने ओलावा धरून ठेवतो आणि खालचा धातू पोखरला जातच राहतो.

भिजवण्याच्या रीती

भाग भिजवण्यापूर्वी त्यावरील तेल व ग्रीस धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने काढून टाकले पाहिजे, कारण तेलकट पृष्ठभागावर द्रावणाचा परिणाम होत नाही. रॉकेलमध्ये बुडवून ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. रॉकेल गंज विरघळवीत नाही. ते फटींत शिरून अडकलेल्या आट्या सैल करते, इतकेच.

गंज विरघळवण्याचे काम आम्ले करतात. लिंबूवर्गीय फळांतील सायट्रिक आम्ल त्यांत सौम्य व सोयीचे आहे. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम आम्ल विरघळवून त्यात भाग काही तास ठेवावा व मधूनमधून ब्रशने घासून पाहावा. हे आम्ल लोहाच्या आयनांना आपल्या रेणूच्या पकडीत घेते, म्हणून गंज द्रावणात उतरतो. फॉस्फोरिक आम्ल गंज विरघळवतेच, शिवाय धातूवर लोह फॉस्फेटचा पातळ थर ठेवून जाते. चिंच व हिरडा यांचाही उपयोग जाणकार करतात. हिरड्यातील टॅनिन गंजाशी संयोग पावून निळसर काळा, तुलनेने स्थिर थर बनवते.

साखर कारखान्यातील मळी एक भाग व पाणी नऊ भाग असे मिश्रण मंद, पण मृदू असते. त्यात भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवावा लागतो. मिश्रण आंबते व दुर्गंधी सुटते, म्हणून ते घराबाहेर ठेवणे बरे.

विजेच्या साहाय्यानेही हे काम होते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजलेला भाग ऋण टोकाला व लोखंडी पत्रा धन टोकाला जोडून कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडतात. पत्रा म्हणून स्टेनलेस पोलाद मात्र कधीही वापरू नये. त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे द्रावणात येतात. या क्रियेत हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून मोकळी हवा आवश्यक आहे आणि जवळ ठिणगी असता कामा नये.

धोक्याच्या जागा

आम्ल गंज खाते, तसेच काही प्रमाणात लोखंडही खाते. म्हणून वेळेवर लक्ष ठेवणे हाच या विद्येचा गाभा आहे. जस्ताचा मुलामा आम्लात निघून जातो. अॅल्युमिनियमचे भाग तीव्र अल्कलीत झिजतात. कठीण पोलादी स्प्रिंगा आम्लात वा विद्युत्‌प्रवाहात ठेवू नयेत; हायड्रोजन धातूत शिरून त्यांना ठिसूळ करतो आणि त्या नंतर अचानक मोडू शकतात. आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात नव्हे.

भाग बाहेर काढल्यावर तो सोड्याच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने धुवावा, उष्णतेने तत्काळ कोरडा करावा आणि लगेच तेलाचा हात फिरवावा. यात विलंब झाला, तर काही मिनिटांतच नवा गंज दिसू लागतो.

शेवटी एक मर्यादा ओळखली पाहिजे. गंज निघाल्यावर गेलेला धातू परत येत नाही. ब्रेक किंवा सुकाणूच्या भागावर खोल खड्डे उरले असतील, तर तो कितीही चकचकीत दिसो, वापरातून बाद करणेच योग्य. याउलट संग्रहालयातील प्राचीन वस्तूची सर्व झिलई उतरवणे हाही विनाशच, कारण तिच्या पृष्ठभागातच तिचा इतिहास असतो. एका ठिकाणी माणसाचा जीव, तर दुसऱ्या ठिकाणी काळाची खूण सांभाळायची असते. भांड्यात द्रावण ओतण्यापूर्वी हातातील वस्तू यांपैकी कोणती आहे, हे ठरवावे लागते.